तंजावरचं पथ्य: वाचणारे हवेत, रांधणारे हवेत

१८०१ साली तंजावरच्या सरफोजीराजांनी कंपनी सरकारच्या रेसिडेंटला एक पत्र लिहिलं. विषय होता छत्रांचा. रामेश्वराकडे जाणाऱ्या वाटेवर भोसले घराण्याने यात्रेकरूंसाठी जागोजागी छत्रं बांधली होती, त्यांना गावं लावून दिली होती. दोनच वर्षांपूर्वीच्या तहाने राज्याचा कारभार राजांच्या हातून गेला होता. निदान छत्रांच्या उत्पन्नाला हात लावू नका, एवढंच त्यांचं मागणं. म्हणून तिथे काय काय चालतं ते त्यांनी बारकाईने मांडलं. जातपात न पाहता येईल त्याला शिजवलेला भात. शिजवलेला चालत नसेल त्याला कोरडा शिधा. मध्यरात्री घंटा वाजवून, कुणी जेवायचं राहिलं असेल तर या, अशी हाक. पोरक्या मुलांचा सांभाळ, तान्ह्यांना दूध. विषबाधा आणि सर्पदंश जाणणारे वैद्य. वाटेत आजारी पडलेल्याला औषध, आणि औषधाच्या जोडीला त्याला मानवेल असं जेवण.

माझं लक्ष या आजाऱ्याच्या जेवणावर खिळलं. दवाखाना आणि मुदपाकखाना एकाच छपराखाली, आणि तेही राजाच्या मर्जीवर न ठेवता छत्राच्या रोजच्या व्यवस्थेचा भाग म्हणून. आज पुण्या-मुंबईत ‘वेलनेस’ नावाने जे महागड्या पुड्यांतून विकलं जातं, त्यातलं बरंचसं तंजावरजवळच्या ओरत्तनाडूच्या मुक्तांबाळ छत्रात यात्रेकरूला फुकट मिळत होतं. हे छत्र सरफोजींनी १८०२ मध्ये बांधलं. इमारत उभी आहे. त्या स्वयंपाकामागचं ज्ञान मात्र आपल्या डोळ्यांदेखत विरत चाललं आहे, आणि ते वाचवायचं असेल तर त्यातलं निम्मं काम मराठी माणसालाच करावं लागणार आहे. हा लेख त्या निम्म्या कामासाठी आहे.

हे ज्ञान दोन जागी आहे. एक कागदात, एक चुलीपाशी.

आधी कागद. व्यंकोजीराजे १६७६ च्या सुमारास तंजावरच्या गादीवर आले आणि १८५५ मध्ये शेवटचे शिवाजीराजे वारेपर्यंत हे राज्य मराठ्यांचं राहिलं; शेवटची पन्नासेक वर्षं नावापुरतं. या पावणेदोनशे वर्षांत खाण्यापिण्याबद्दल आणि औषधांबद्दल तिथे जेवढं लिहिलं गेलं तेवढं मराठी राजवटीत इतरत्र क्वचितच लिहिलं गेलं असेल. सुरुवात झाली ‘भोजनकुतूहल’ या ग्रंथाने. लेखक रघुनाथ गणेश नवहस्त, समर्थ रामदासांच्या परिचयातले पंडित, व्यंकोजींच्या राणी दीपाबाई यांच्या आश्रयाला तंजावरात आलेले. ग्रंथ संस्कृत, पण पदार्थांची आणि भाज्यांची नावं आली की पंडितजी बिनदिक्कत मराठीत शिरतात. कोणता तांदूळ हलका, कोणती डाळ वातुळ, ताक कधी प्यावं, कशाबरोबर काय खाऊ नये, असा सगळा ऐवज. पुण्याच्या भांडारकर संस्थेचे प. कृ. गोडे यांनी या रघुनाथाचा माग काढला. पण ग्रंथाचा भाग छापून निघाला तो १९५६ मध्ये, त्रिवेंद्रमच्या संस्कृत ग्रंथमालेत. दीपाबाईंच्या आश्रितावर मराठी मुलखात पाच-सहा लेख आले असतील; त्याच्या भाज्यांवर किती, ते विचारू नये.

मग सरफोजी. १७९८ ते १८३२ ही त्यांची कारकीर्द. हातात सत्ता नाही, डोक्यात कुतूहल भरपूर. १८०५ मध्ये त्यांनी देवनागरी छापखाना घातला, तोवर महाराष्ट्रात मराठी पुस्तकांची छपाई रुळली नव्हती. त्यांनीच धन्वंतरी महाल उभारला. तिथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि युरोपीय अशा चारही पद्धतींचे वैद्य एका छताखाली काम करत, माणसांची औषधं होत तशी जनावरांचीही होत. रोग्यांच्या नोंदी ठेवल्या जात. डोळ्यांच्या रोग्यांच्या नोंदींत तर डोळ्यांची रंगीत चित्रंही आहेत. औषधी झाडांची हाताने रंगवलेली चित्रं करवून घेतली गेली. जी औषधं गुणकारी ठरली ती दरबारी कवींकडून तमिळ पद्यात बांधून घेतली, कारण पाठ करायला पद्य सोपं. त्यातून ‘शरभेंद्र वैद्य’ ही रोगवार पुस्तकांची माळ झाली. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने ती पुढे छापली. स्वयंपाकाचं ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ मात्र मराठीत.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो, नाहीतर नंतर कुणीतरी बोट ठेवेल. राजवाडा शाकाहारी नव्हता. पाकशास्त्रात मांसाचे पदार्थ आहेत, साहेबी पद्धतीचेही आहेत. तंजावरचा शाकाहार राजाच्या ताटातून आला नाही. तो आला छत्रांतून, मठांतून, देशस्थांच्या घरांतून आणि सभोवतालच्या तमिळ स्वयंपाकघरांतून. राजाने केलं ते एवढंच, पण फार मोठं: त्याने लिहून ठेवलं.

आणि बरंचसं लिहिलं मोडीत. सरस्वती महाल १९१८ मध्ये लोकांसाठी खुला झाला. राजदफ्तराची मोडी गाठोडीच तिथे १३४२ आहेत. काही कागद तंजावरच्या तमिळ विद्यापीठात आहेत. त्यांत दरबारी पत्रव्यवहार आहे, देणग्या आहेत, छत्रांचे हिशेब आहेत, कोठीतून काय निघालं त्याच्या याद्या आहेत. मोडीचा कागद कसा असतो ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. लिहिणारा आधी पानभर आडव्या रेघा ओढून घेतो आणि मग त्या रेघांना अक्षरं लटकवत सुटतो. शब्द कुठे संपला, पुढचा कुठे सुरू झाला, याला खूण नाही. ऱ्हस्व-दीर्घाची पर्वा नाही. बोरू उचलायचा नाही, म्हणून एक अक्षर पुढच्यात मिसळतं. त्यात तंजावरची मोडी म्हणजे मराठी वाक्यात तमिळ शब्द, तमिळ मापं, झाडांची तमिळ नावं. पुण्यात बसून पेशवे दफ्तर सहज वाचणारा माणूस इथे ठेचकाळतो, आणि तमिळ अभ्यासकाला लिपी अडते. म्हणजे वाचायला दोन माणसं लागतात, शेजारी शेजारी बसलेली.

तमिळ बाजूने आपली खुर्ची मांडलेली आहे. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या तमिळ विद्यापीठाने निवडक मोडी कागदांचं तमिळ भाषांतर १९८९ मध्ये तीन खंडांत छापलं. के. एम. वेंकटरामय्या यांनी त्याआधीच मराठा काळातल्या राज्यकारभारावर आणि लोकजीवनावर तमिळमध्ये जाडजूड ग्रंथ लिहिला. मराठी राजांचे मराठी कागद आज तमिळ वाचकाला आपल्यापेक्षा अधिक उघडे आहेत. यात तमिळ अभ्यासकांचं कौतुकच आहे. लाज वाटायची तर ती आपल्याला. आपण तिकडे बघतो ते फक्त ‘सांबार आमचं की तुमचं’ या भांडणापुरतं. संभाजीराजे पाहुणे आले, आमसुलं संपली, तंजावरच्या शाहजीराजांनी आमटीत चिंच घातली, ही गोष्ट चविष्ट आहे. तिला समकालीन पुरावा नाही. या एका गोष्टीवर आपण जेवढा वेळ आणि शाई घालवली, तेवढ्यात एखादं गाठोडं वाचून झालं असतं.

आता चूल.

तंजावर, कुंभकोणम, चेन्नई, बेंगळुरू इथल्या तंजावरी मराठी घरांतली थोरली पिढी घरात मराठी बोलते, बाहेर तमिळ, आणि रांधते दोन्ही भाषांत. उडदाची डाळ मंद भाजून दळायची, ते पीठ ताकात कालवायचं, वर मोहरी-हिंगाची फोडणी, हिरवी मिरची, कोथिंबीर: ही डांगर पचडी. आपल्याकडच्या डांगराची सख्खी बहीण. कोवळी वांगी, तूरडाळ, चिंच, आणि धणे-हरभराडाळ-खोबरं भाजून वाटलेलं वाटण: ही रसवांगी. आपलं पिठलं तमिळ घरात ‘पिट्लै’ होऊन गेलं आणि कारली-वांगी पोटात घेऊन भाताबरोबर बसलं. हे सणासुदीचं, पाहुण्यांसमोर मांडायचं. त्याची थोडीबहुत छायाचित्रं आता फिरतात, पाककृती छापून येतात. ते टिकेल.

टिकणार नाही ते याच्या मागचं, घरच्या घरी खायचं साधं जेवण. उदाहरण म्हणून सुंडक्काई घ्या. वांग्याच्या कुळातलं, वाटाण्याएवढं, हिरवं कडू फळ. ते दगडाने जरा ठेचायचं, मीठ घातलेल्या आंबट ताकात रात्रभर भिजत टाकायचं, सकाळी निथळून कडक उन्हात पसरायचं, संध्याकाळी पुन्हा त्याच ताकात. ताक संपेपर्यंत हा क्रम. शेवटी काळपट, खडखडीत, खारट-कडू सांडगा तयार होतो. तो तेलात तळून भातावर चुरडतात किंवा चिंचेच्या कोळात सोडतात. बाळंतिणीच्या भातावर घालायची जी पूड तिकडे करतात, तिच्यात हीच सुंडक्काई, वाळवलेली मणतक्काळी म्हणजे आपली कामोणी, आणि कडुनिंबाची फुलं असतात. कांडवेलीची चटणी करायची तर आधी हाताला तेल चोळायचं, कारण तिचा चीक खाजतो. कोवळे तुकडे तेलात नीट परतून चिंचेबरोबर वाटले की घशाला खवखव होत नाही. एकादशीचा उपास द्वादशीला सोडताना हादग्याचा पाला आणि आवळा पानात हवा. आपण हादग्याच्या फुलांची भजी करून पाला टाकून देतो. आणि हाच हादगा, औषध चालू असेल तेव्हा खाऊ नये, असंही तिथली आजी बजावून सांगते.

चटणीत चिंच का, हाताला तेल का, कोणत्या दिवशी कोणता पाला का, ही उत्तरं कुठल्याही पाकपुस्तकात एकत्र नाहीत. ती आजीच्या बोलण्यात आहेत, तीही तुम्ही शेजारी उभे राहिलात तरच. तिची मुलगी चेन्नईत नोकरी करते, नात बॉस्टनला शिकते. ताकात भिजवून उन्हात घालायला सात-आठ दिवस आणि गच्ची लागते. दोन्ही कुणाकडे आहे? यात कुणाचा दोष नाही. पण आजी गेल्यावर नातीला सुंडक्काई बाजारात मिळेल, पाकिटातली. ताकाचा आंबटपणा किती असावा ते मिळणार नाही.

वाचवा म्हणताना मी काय वाचवा म्हणतो आहे, तेही स्वच्छ सांगायला हवं, कारण ‘निसर्गोपचार’ म्हटलं की आजकाल दोन टोळ्या लगेच जमतात. एका टोळीला राजाच्या दफ्तरातून मधुमेहाची जादूची पुडी हवी असते. ‘शरभेंद्र वैद्या’त मधुमेहावरही पुस्तक आहे हे खरं. पण दोनशे वर्षांपूर्वीच्या वैद्याने गुण आला असं लिहिलं म्हणून आज कुणी आपली गोळी, आपलं इन्सुलिन बंद करू नये. करायला सांगणाऱ्याला दारात उभं करू नये. कामोणीचं पिकलेलं फळ खातात; हिरवं कच्चं फळ विषारी असू शकतं. नुसतं वाचून झाड ओळखण्यात चूक झाली तर पथ्याचा घात व्हायला वेळ लागत नाही. दुसऱ्या टोळीला हे सगळं थोतांड वाटतं. तिला एवढंच विचारायचं की डाळ, पालेभाजी, ताक, हातसडीचा तांदूळ आणि कमी तेल यांचं रोजचं जेवण बरं, यात वाद कशाला? आहारशास्त्र आज तेच सांगतं. तंजावरच्या ताटात नवल एवढंच आहे की ते बेचव नाही. पथ्याचं जेवण रुचकर कसं करावं हा तिथला खरा शोध, आणि तो मोडीत व चुलीवर असा दोन्हीकडे विखुरलेला.

लिहिलेलं आणि वाचता येणारं का हवं, याचा एक धडा आपल्याच माणसाने दिला आहे. १९९५ मध्ये अमेरिकेत जखमेवर हळद लावण्याचं पेटंट दिलं गेलं. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे महासंचालक होते. संस्थेने ते पेटंट आव्हान देऊन १९९७ मध्ये रद्द करवून घेतलं. ‘आमच्या घरी हळद लावतात’ एवढ्यावर हे झालं नाही. जुन्या ग्रंथांतले उतारे आणि छापील निबंध पुढे ठेवावे लागले. त्यानंतर देशाने पारंपरिक ज्ञानाचा अंकीय संग्रह उभारायला घेतला. न वाचलेलं गाठोडं अशा वेळी साक्ष देऊ शकत नाही. ते असूनही नसल्यासारखंच.

तेव्हा काय करायचं?

महाराष्ट्रात मोडी शिकवली जाते. पुराभिलेख संचालनालय वर्ग घेतं, पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ घेतं, गावोगाव हौशी मंडळी घेतात. शिकणाऱ्यांना सराव म्हणून वतनाचे आणि वाड्यांचे कागद मिळतात. माझी या शिक्षकांना विनंती आहे की सरावाच्या कागदांत तंजावर आणा. ‘शरभेंद्र पाकशास्त्रा’ची पानं मिळवा. आमटीची कृती वाचताना विद्यार्थी जेवढा लवकर शिकेल तेवढा सनद वाचताना शिकणार नाही, हे मी पैजेवर सांगतो. ज्यांचा हात बसला आहे त्यांनी सुट्टीतले पंधरा दिवस तंजावरला काढावेत, एकट्याने नव्हे, तमिळ जाणणाऱ्या सोबत्याबरोबर. बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ चा भोसले घराण्याचा मराठी शिलालेख पाहायला आपण जातोच. तिथून सरस्वती महाल पायी जाण्याच्या अंतरावर आहे. ग्रंथालयाच्या परवानगीने, त्यांच्या नियमांत राहून, छत्रांचे आणि कोठीचे कागद आधी निवडावेत, कारण युद्धं आणि तह वाचायला लोक मिळतात, तुरीचा हिशेब वाचायला मिळत नाहीत.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला. पेढे वाटून झाले. त्या दर्जाच्या नावाने जो निधी येईल त्यातला वाटा महाराष्ट्राबाहेरच्या मराठीला मिळावा, आणि त्यात तंजावरची गाठोडी पहिली असावीत, अशी मागणी साहित्य संस्थांनी, विद्यापीठांनी, तुम्हीआम्ही पत्रं लिहून करायला हवी. मागणी मोघम नको. दोन वाचक, एक वनस्पतिशास्त्राचा माणूस आणि एक सिद्ध किंवा आयुर्वेदाचा वैद्य, अशा चौघांना तीन वर्षं एकत्र बसवायला लागेल तेवढा पैसा, इतकी नेमकी. यातला वनस्पतिशास्त्राचा माणूस कुणी ऐन वेळी वगळू नये. कामोणीची गोष्ट वर सांगितलीच आहे.

तंजावरी मराठी कुटुंबांना मात्र मी वेगळं काही मागतो. सरकार येईल, कधी तरी. तुमच्या आजीला तेवढा वेळ नाही. कावेरीच्या या खोऱ्यातच एक उत्तम नमुना आहे. तंजावर जिल्ह्यातल्या इळंगाडूचे नम्माळ्वार यांनी नैसर्गिक शेतीचं व्रत घेतलं आणि त्यांच्या प्रेरणेने शेजारच्या तिरुवारूर जिल्ह्यातले ‘नेल’ जयरामन यांनी देशी भाताच्या दीडशेहून अधिक जाती परत मिळवल्या. माप्पिळ्ळै सांबा, काट्टुयाणम, किच्चिली सांबा. २००६ पासून ते बियाण्याची जत्रा भरवत. नियम साधा: दोन किलो बियाणं फुकट न्या, पुढच्या वर्षी चार किलो आणून द्या. जयरामन २०१८ मध्ये गेले, पण भात शेतात आहे.

पाककृतींची अशी जत्रा मराठी घरांना भरवता येईल. चेन्नईत, बेंगळुरूत, पुण्यातही. एका घरच्या दोन कृती घेऊन जा, पुढच्या वर्षी चार आणा, त्यातली निदान एक रांधून. कृती लिहिताना ‘चवीनुसार’ हा शब्द वापरायला बंदी असावी. किती ताक, किती आंबट, किती दिवस ऊन, कोणत्या महिन्यात. झाडाचं नाव तमिळमध्ये काय, घरच्या मराठीत काय, सोबत पानाचा आणि फळाचा फोटो. कुणाकडून शिकलात, ती कोणत्या गावची. कुणी खायचं आणि कुणी खायचं नाही. जुन्या वह्या असतील तर त्या फेकू नका, त्यांत तेलाचे डाग आणि वाण्याचा हिशेब असला तरी. ज्या वहीतली अक्षरं लागत नाहीत ती मोडी असू शकते, तिचं पान न् पान टिपून मोडी जाणणाऱ्याला दाखवा.

आणि महाराष्ट्रातल्या वाचकाने? त्याने आधी खावं. हादगा आपल्या बांधावर आहे, कांडवेल कुंपणावर चढलेली आहे, केळफुलाला तर आपण नवखे नाहीच. ज्याची ओळख पक्की तेवढंच खा. शंका आली तर जाणत्याला विचारा. पाडव्याला आपण कडुनिंबाची पानं एक दिवस तोंड वाकडं करून चावतो. तंजावरात त्याच दिवसांत झाडाखाली धुतलेलं लुगडं अंथरतात, पडलेली फुलं गोळा करून सावलीत आणि मग उन्हात वाळवतात, आणि बरणी वर्षभर पुरवतात. चमचाभर फुलं तुपात तांबूस-काळी होईस्तोवर परतून चिंचेच्या साराला वरून दिली की कडवटपणाला खमंग वास येतो. झाड फाल्गुन-चैत्रात फुलतं, म्हणजे हाताशी वेळ आहे. तोवर ओळखीतलं एखादं तंजावरी मराठी घर शोधा, आजीला फोन करा, आणि फुलं किती दिवस वाळवायची ते विचारून, तिने सांगितलेलं तसंच्या तसं, तारीख घालून लिहून ठेवा.